सातव्या होलवरची घंटा

बेंगळूरला समुद्र नाही याचा अण्णांना शेवटपर्यंत राग होता. “एवढी चांगली हवा दिली, मग समुद्र द्यायला काय झालं होतं?” असं ते दर उन्हाळ्यात एकदा तरी म्हणायचे, जणू कुठल्या तरी कचेरीत ती फाइल अडकून पडली होती. अण्णा म्हणजे माझे सख्खे थोरले भाऊ, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, चामराजपेटेतलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड आणि उंबऱ्यावर दोन्हींची खिचडी. ते मला नावाने कधी हाक मारत नसत. ‘तम्मा’ म्हणायचे, म्हणजे कन्नडमध्ये धाकटा भाऊ. मी चौथीत होतो तेव्हा वहिनी लग्न होऊन घरात आल्या आणि सहावीत असताना वडील गेले. पुढे मला त्या दोघांनीच वाढवलं. त्यामुळे अण्णांना मी कायम अहो-जाहोच करत आलो.

आमच्यासारख्यांनी गोल्फ खेळावं ही तशी चेष्टेचीच गोष्ट. अण्णा एका सरकारी कारखान्यात टूलरूमचे फोरमन होते. कारखान्याच्या वसाहतीत साहेब लोकांनी पूर्वी कधी तरी नऊ होलांचं, म्हणजे नऊ टप्प्यांचं, एक मैदान करून ठेवलं होतं. गवत पावसाळ्यापुरतं. चेंडू ज्या खळग्यात घालायचा त्याच्याभोवती मऊ हिरवळ असायला हवी, तिथे तेल शिंपडलेली वाळू. एका रविवारी साहेबांना चौथा भिडू कमी पडला म्हणून त्यांनी अण्णांना बोलावलं आणि अण्णांनी पहिल्याच दिवशी साहेबांना हरवलं. पुढच्या रविवारी बोलावणं आलं नाही. मग अण्णांनी कुणाच्या तरी जुन्या काठ्या मिळवल्या आणि संध्याकाळी मला घेऊन जायला लागले. खांद्यावर ती लांब पिशवी घेऊन गल्लीतून निघालो की शेजारचे विचारायचे, “काय अण्णा, साप मारायला?” अण्णा गंभीरपणे म्हणायचे, “हो, कुठे दिसला तर सांगा.”

आम्ही दर वर्षी जायचो त्या टेकडीवरच्या मैदानाचा शोधही त्यांचाच. किनाऱ्याजवळ, गोऱ्या साहेबांच्या काळात आखलेलं, एका बाजूने थेट समुद्रात उतरणारं. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी बाहेरच्या माणसांनाही खेळू देत. दर जानेवारीत आम्ही दोघं सकाळच्या गाडीने निघायचो, घाट उतरून संध्याकाळी पोचायचो, दुसऱ्या दिवशी खेळायचो आणि तिसऱ्या दिवशी परत. वहिनी चित्रान्नाचा, म्हणजे लिंबूभाताचा, आणि दहीभाताचा डबा द्यायच्या आणि म्हणायच्या, “दोन घोडे चालले समुद्र बघायला.” वीस वर्षांत ही वारी दोनदाच चुकली असेल. माझ्या बायकोने पहिली एक-दोन वर्षं कपाळाला आठ्या घातल्या, मग त्याही सोडून दिल्या.

त्या मैदानावर सपाट जागा म्हणून नव्हती. नीट मारलेला चेंडूही घसरत घसरत समुद्राकडे जायचा. कडेला जांभ्याचा दगड उघडा पडलेला, त्यातून खारट वारा. पहिल्या वर्षी मी सात चेंडू समुद्राला वाहिले. अण्णांचा एकही गेला नाही. ते आधी खाली वाकून गवताकडे बघायचे, ते कुठल्या बाजूला झुकलंय ते, आणि मग भलत्याच दिशेला मारायचे. चेंडू वळसा घालून बरोबर जागी यायचा. मला याचा संताप यायचा. “स्वल्प थांब रे, तम्मा,” ते म्हणायचे, “चेंडूला घाई नाही, तुलाच आहे.”

सातवा होल तिथला सगळ्यांत जुना. चेंडू टेकडीच्या अलीकडून मारायचा, आणि तो जिथे पडायला हवा ती हिरवळ टेकडीच्या पलीकडे, समुद्राच्या अंगाला, एका खोलगट जागी. मारणाऱ्याला पलीकडचं काहीही दिसत नाही. पुढची माणसं अजून तिथे आहेत की गेली, हे कळायला मार्गच नाही. म्हणून हिरवळीवरून वर जाणाऱ्या पायवाटेच्या वरच्या टोकाशी एका खांबाला पितळी घंटा टांगलेली होती. चांगली जाड, देवळात असते तशी, लोलकाला काथ्याची दोरी. आपला खेळ संपला, सगळे हिरवळीवरून बाहेर आले, की शेवटच्या माणसाने दोरी ओढायची. घंटा ऐकली की मागचे मारायला मोकळे. शंभर वर्षं तिथे हे असंच चाललं होतं. भोंगा नाही, इशाऱ्याचा झेंडा नाही, माणूस नाही. एकाने वाजवायची आणि दुसऱ्याने विश्वास ठेवायचा.

अण्णांनी त्यात स्वतःचा एक नियम घातला होता. दोरी ओढण्याआधी मागे वळून डोकी मोजायची. “आपण दोघंच तर आहोत,” मी म्हणायचो, “मोजायचं काय त्यात?” ते म्हणायचे, “दोन मोजायला किती वेळ लागतो?” टूलरूममध्ये यंत्र सुरू करण्याआधी सगळ्यांचे हात मोजायची त्यांना सवय होती.

मग त्यांना कंपवात झाला. आधी उजव्या हाताचा अंगठा, मग सगळा हात, मग आवाज बारीक झाला. पुढे पाय अडायला लागले. चालता चालता मध्येच पाय जमिनीला चिकटायचे, आणि कितीही मनात आणलं तरी उचलायचे नाहीत. अर्धा मिनिट, कधी दोन मिनिटं. मग आपोआप सुटायचे. चामराजपेटेतलं घर जिन्याचं, म्हणून ते आणि वहिनी मल्लेश्वरमला लिफ्ट असलेल्या घरात राहायला गेले. तरी पुढच्या जानेवारीत डॉक्टरांनी जायला हो म्हटलं ते बहुधा अण्णांच्या चेहऱ्याकडे बघून. वहिनींनी मला स्वयंपाकघरात बोलावून गोळ्यांच्या वेळा लिहिलेला कागद दिला आणि म्हणाल्या, “घाई करू नकोस त्यांना. एवढंच सांगते.”

मी घाई करणारा माणूस आहे, हे त्यांना माझ्यापेक्षा आधी माहीत होतं.

त्या दिवशी आमच्या मागे चार तरुण खेळत होते. बेंगळूरचेच, कोरमंगलातल्या कुठल्या तरी नव्या कंपनीतले. महागडे बूट, महागड्या काठ्या, आणि सुरुवातीलाच एकाने मला इंग्रजीत विचारलं, “अंकल, पहिल्यांदाच आलात का?” मी काय बोललो ते आता आठवत नाही, पण ते सभ्य नव्हतं. आम्ही फार सावकाश चाललो होतो. प्रत्येक होलवर ती चार पोरं मागे काठ्यांवर रेलून उभी. तोंडाने काही म्हणत नव्हती, उलट हात हलवून “सावकाश, सावकाश” म्हणत होती, आणि तेच मला जास्त झोंबत होतं. गोल्फमध्ये अशा वेळी मागच्यांना पुढे जाऊ देतात. त्यात कमीपणा नाही, रिवाजच आहे तो. सहाव्या होलवर अण्णाच म्हणाले, “तम्मा, त्यांना सोड पुढे. आपल्याला कुठे जायचंय?”

“काही नको,” मी म्हणालो, “आपलं बरोबर चाललंय.”

आपलं काही बरोबर चाललं नव्हतं. पण वीस वर्षं जिथे आलो, जिथे हा माणूस त्या चौघांना एकत्र हरवू शकला असता, तिथे त्यांना वाट द्यायची माझी तयारी नव्हती. आज वाटतं, मला अण्णांची लाज वाटत होती. हे लिहायला मला तीन वर्षं लागली, आणि लिहूनही बरं वाटत नाही.

सातव्या होलवर अण्णांचा चेंडू कसाबसा टेकडी ओलांडून हिरवळीच्या कडेला पडला होता. तिथून खळगा वीस-बावीस पावलांवर. ते वाकले, गवत बघितलं, हात थरथरत होता तो थांबेपर्यंत थांबले आणि हलकेच मारला. चेंडू आधी समुद्राकडे गेला, मग वळला, आणि खळग्यात पडला. मी ओरडलोच. अण्णा हसले. कंपवाताने त्यांचा चेहरा कोरा झाला होता, हसू क्वचितच उमटायचं, पण तेव्हा उमटलं. मी खळग्याची जागा दाखवणारी झेंड्याची काठी परत त्यात रोवली, दोघांच्या पिशव्या उचलल्या आणि पायवाटेने वर निघालो. मला वाटलं ते मागोमाग आहेत.

घंटेपाशी पोचून मागे बघितलं तर अण्णा हिरवळीच्या मधोमध उभे. पाय अडले होते. कडेपर्यंत आठ-दहा पावलं राहिली असतील. त्यांनी मला हाताने खूण केली, थांब म्हणून. तेवढ्यात टेकडीच्या पलीकडून हाक आली, “झालं का, अंकल?” पाठोपाठ कुणी तरी हसलं. ते आम्हालाच हसले की आपापसांत, देव जाणे.

मी दोरी ओढली.

चुकून ओढली नाही. ते अजून तिथे आहेत हे मला दिसत होतं. मी मनाशी हिशेब केला की काठी निवडायला, चेंडू मांडायला, मारायला त्यांना मिनिटभर लागेल, तोवर अण्णांचे पाय सुटतील. नाही सुटले तर मी जाऊन हात धरून आणीन. असा हिशेब माणूस करतो तो दुसऱ्याच्या जिवावर, हे तेव्हा सुचलं नाही.

मी दोन पावलं खाली उतरलो असेन तोच पहिला चेंडू आला. टेकडीवरून वर आलेला दिसला नाही, नुसता धप्प आवाज झाला, अण्णांपासून हातभर अंतरावर. अण्णांनी दोन्ही हात डोक्यावर घेतले. पाय हलत नव्हते. मी ओरडत धावलो, पण वारा समुद्राकडे वाहणारा, माझा आवाज टेकडी ओलांडणार कसा? दुसरा चेंडू झेंड्याजवळ पडला. अण्णांनी जोर करून पाय ओढायचा प्रयत्न केला आणि ते पडले. उजव्या हातावर.

पोरं टेकडीच्या माथ्यावर आली तेव्हा त्यांना आम्ही दिसलो, आणि ती धावत खाली आली. घाबरून गेली होती बिचारी. त्यांच्यातला एक रडकुंडीला येऊन मला सारखं सांगत होता, “घंटा वाजली होती, अंकल. आम्ही घंटा ऐकूनच मारलं.” सगळ्यांनी घंटेकडे बघितलं. मग माझ्याकडे.

“वाऱ्याने वाजली असेल,” मी म्हणालो.

त्या लोलकाला वाऱ्याने हलवायचं तर टेकडी हलायला हवी होती. अण्णा माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडले होते, मनगट सुजायला लागलं होतं. त्यांनी घंटेकडे बघितलं आणि त्या बारीक आवाजात त्या मुलाला इंग्रजीत म्हणाले, “हो, आज वारा फार आहे. तुमची काही चूक नाही.” मुलगा तिथेच खाली बसला आणि रडला.

मनगट मोडलं होतं. जवळच्या गावात प्लास्टर घातलं आणि दुसऱ्या दिवशी टॅक्सीने आम्ही परतलो. वाटेत घाटात अण्णा झोपले होते, किंवा डोळे मिटून होते. मल्लेश्वरमला वहिनींनी दार उघडलं, प्लास्टर बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, “पाय अडला आणि पडले.” हे खोटं नव्हतं. अण्णा आत जाऊन खुर्चीत बसले.

त्यानंतर ते खेळले नाहीत. मनगट नीट जुळलं नाही, आणि आजारही वाढत गेला. दर रविवारी मी मेट्रोने मल्लेश्वरमला जायचो. बाल्कनीत दोन खुर्च्या मांडलेल्या असायच्या. वहिनी कॉफी द्यायच्या आणि आत निघून जायच्या. अण्णा म्हणायचे, “हं, बोल.” मी बोलायचो. रस्त्यातली गर्दी, ऑफिस, मुलीची परीक्षा, चामराजपेटेतल्या आमच्या गल्लीत कोण गेलं, कोणाचं घर पाडून काय उभं राहिलं. ते ऐकायचे. माझं संपलं की पुन्हा म्हणायचे, “हं. अजून?” मला वाटायचं, म्हातारपण आहे, घरात कोंडलेला माणूस, बातम्या हव्या असतात. मी आणखी काही तरी शोधून काढायचो. भाजीचे भावसुद्धा सांगितले एकदा.

एकदा तर त्यांनी मला सांगायला दारच उघडून दिलं. त्यांचा आवाज तेव्हा अगदी पुटपुटल्यासारखा झाला होता, कान जवळ न्यावा लागायचा. म्हणाले, “तम्मा, त्या सातव्यावरचा माझा शेवटचा फटका चांगला होता, नाही?”

“फार चांगला, अण्णा.”

“मग पुढे काय झालं?”

खाली रस्त्यावर एक भाजीवाला भोंगा लावून ओरडत होता. मी म्हणालो, “पुढे काय, तुमचे पाय अडले.” अण्णा म्हणाले, “सरी,” म्हणजे बरं, ठीक आहे, आणि आमच्याकडे बोलणं संपवायला हा शब्द पुरतो. मी कपबशा आत नेऊन ठेवल्या आणि लवकरच निघालो.

मनात मी रोज घोकत असे. या रविवारी सांगू, दसऱ्यानंतर सांगू, त्यांची तब्येत जरा सुधारू दे. कधी वाटायचं त्यांना माहीत आहे, मग सांगून काय साधायचं? कधी वाटायचं त्यांनी वाऱ्याचं खरंच मानलं असेल, मग कशाला त्रास द्यायचा? दोन्ही बाजूंनी मला गप्प बसायला कारण मिळत होतं आणि मी ते घेत होतो. तसा मी भांडखोर माणूस. रिक्षावाल्याशी, बँकेत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये माझं तोंड बंद होत नाही. तीन शब्द मात्र तीन वर्षांत निघाले नाहीत.

गेल्या श्रावणात जेवताना त्यांना ठसका लागला, मग न्यूमोनिया झाला. दवाखान्यात अकरा दिवस होते. नळी घातलेली, बोलता येत नव्हतं, पण डोळे उघडायचे आणि ओळखायचे. मी शेजारी बसून पाय चेपायचो. एकदा खोलीत दोघंच होतो. मी वाकलो, तोंड त्यांच्या कानाशी नेलं. मग मनात आलं, ज्याला आता रागावताही येणार नाही त्याला सांगायचं, ही कुठली मर्दुमकी? मी सरळ झालो. आता वाटतं की तेव्हा तरी सांगायला हवं होतं. अण्णा बाराव्या दिवशी सकाळी गेले.

तेराव्यानंतर माणसं पांगली. वहिनी जेवणाच्या टेबलावर अवरे, म्हणजे पावटे, निवडत बसल्या होत्या, कुणी गावाकडून आणून दिलेले, आणि टाकून कसे द्यायचे म्हणून. मी समोर बसून सोलायला घेतले. वहिनी फार कमी बोलतात. मी दहा वर्षांचा असताना त्यांनी माझ्या डोक्यातल्या उवा काढल्या होत्या. त्यांच्यापुढे लाज धरण्यासारखं माझं काही उरलेलं नाही. मी मान खाली घालूनच म्हणालो, “वहिनी, ती घंटा मीच वाजवली होती. ते हिरवळीवर आहेत हे बघून वाजवली.”

त्यांचे हात थांबले नाहीत. “माहीत आहे,” त्या म्हणाल्या.

“कधीपासून?”

“आलात त्याच संध्याकाळी सांगितलं त्यांनी. मी तुला चार शब्द सुनावणार होते. त्यांनी शपथ घातली. मला म्हणाले, ‘तू विषय काढायचा नाहीस. तो आपण होऊन सांगेल, लहानपणीसुद्धा चुकला की दोन दिवसांनी येऊन सांगायचा.’”

मला रडू येत होतं, आणि ते त्यांनी बघितलं, पण समजूत घातली नाही. घातली असती तर मला सहन झाली नसती. शेंगेतला दाणा काढून त्यांनी भांड्यात टाकला.

“रागावले नव्हते रे,” त्या म्हणाल्या. “कधीच नाही. घाबरला असेल पोरगा, म्हणायचे. दर रविवारी तू गेलास की मी खुर्च्या आत घ्यायला जायची ना, तेव्हा मला विचारायचे, ‘दारात चपला घालताना तो तुझ्याजवळ काही बोलला का?’”

“तुम्ही काय सांगायचात?”

“काय सांगणार? नाही म्हणायची,” वहिनी म्हणाल्या. “मग म्हणायचे, पुढच्या रविवारी बोलेल.”